सुरतेत खायचं कुठे?

महाबळेश्वर असो, शिर्डी असो की थेट रोम, फिरायला गेलेल्या माणसाला एक अनुभव हमखास येतो. भर चौकातलं, मोठ्या पाटीचं, दारात मेनूकार्ड घेऊन उभ्या असलेल्या पोऱ्याचं हॉटेल आपण निवडतो. जेवण बेचव, पोळी गार आणि बिल दुप्पट. दुसऱ्या दिवशी रस्ता चुकून मागच्या गल्लीत शिरतो, तर तिथे चार टेबलांचं, पाटीवरची अक्षरं उडालेलं एक दुकान असतं. पहिला घास पोटात गेला की आदल्या दिवशीच्या बिलाचा राग नव्याने येतो. रोममध्ये हे दुकान पिझ्झ्याचं असतं, कोल्हापुरात मिसळीचं, सुरतेत लोचोचं.

याला आपण नशीब म्हणून मोकळे होतो. पण जगभर सगळ्यांच्याच नशिबी चौकातलं वाईट आणि गल्लीतलं चांगलं येत असेल, तर त्यामागे काहीतरी हिशेब असला पाहिजे. तो आहेच. अर्धा पैशाचा, अर्धा उष्णतेचा. आणि तो समजून घ्यायला सुरतेइतकं सोयीचं शहर जवळपास दुसरं नाही.

मराठी माणसाला सुरत म्हटलं की शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांची १६६४ आणि १६७० ही सालं आधी आठवतात. खानदेशातल्या माणसाला मात्र उधना, लिंबायत, डिंडोली ही नावं आठवतात, कारण घरटी एखादा मामा नाहीतर चुलतभाऊ तिथे स्थायिक झालेला असतो. गुजरातीत म्हण आहे, ‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’. म्हणजे जेवावं सुरतेत आणि डोळे मिटावेत काशीत. सुरती लोक खवय्ये म्हणून तिथे चांगलं मिळतं, असं सगळे सांगतात. मला हे उत्तर अर्धवट वाटतं. खवय्ये इंदूरला आहेत, नागपूरला आहेत, पुण्यातही आहेत असं पुणेकर म्हणतात. नुसत्या खवय्येगिरीवर चांगलं दुकान उभं राहत नाही.

उद्या पुन्हा येणारं गिऱ्हाईक

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. जुनी गाडी विकणाऱ्याला तिचं खरं दुखणं माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे घेणारा चांगल्या गाडीचीही पूर्ण किंमत द्यायला तयार होत नाही. फसलोच तर, असं म्हणून तो मधलीच किंमत सांगतो. त्या किमतीला चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाडीचा मालक बाजारातून उठून जातो. आता बाजारात खराब गाड्यांचं प्रमाण आणखी वाढतं, गिऱ्हाईक आणखी हात आखडतं. शेवटी बाजार उरतो तो डबड्यांचा. या आणि अशा कामासाठी अकरलॉफ यांना २००१ साली मायकल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल मिळालं.

गाडीच्या जागी थाळी ठेवून बघा. पर्यटक चौकात येतो तेव्हा आतलं जेवण कसं आहे हे मालकाला ठाऊक असतं, पर्यटकाला नसतं. खाल्ल्यावर कळतं, पण तोवर पैसे दिलेले असतात आणि उद्या गाडी पकडायची असते. समजा मालकाने चांगलं तूप वापरलं, भाजी दर दोन तासांनी ताजी केली. त्याचा खर्च वाढला, पण गिऱ्हाईक वाढलं का? नाही. कारण आज खूश होऊन गेलेला माणूस पुन्हा येणार नाही, आणि उद्या येणाऱ्याला आजची हकिकत ठाऊक नाही. उलट त्याच पैशात मोठी पाटी लावली, दारात पोऱ्या उभा केला तर दोन माणसं जास्त येतात. चौकातला हॉटेलवाला मनाने वाईट असतो असं मुळीच नाही. चांगलं करण्याचा मोबदला त्याच्या गल्ल्यात पडत नाही, एवढंच.

गल्लीतल्या दुकानदाराला ही चैन परवडत नाही. त्याचं गिऱ्हाईक समोरच्या वाड्यातलं, पलीकडच्या कारखान्यातलं. एका प्लेटमध्ये त्याने कालचं तेल वापरलं तर तो त्या माणसाच्या वर्षभराच्या प्लेटी घालवून बसतो. वर त्याची बायको, मेहुणा आणि शेजारी यांच्याही. उद्याची भीती हीच त्याची चव.

आता सुरतेची गंमत बघा. या शहरात बाहेरचा माणूस रोज हजारोंनी उतरतो, पण तो किल्ला बघायला नाही, माल घ्यायला. रिंग रोडवरच्या कापड मार्केटांत मालेगाव, जळगाव, नागपूर, इंदूरपासून पार दक्षिणेपर्यंतचे दुकानदार साड्या आणि ड्रेस मटेरियल भरायला येतात. लग्नसराईआधी येतात, दिवाळीआधी येतात, पुढच्या वर्षी परत येतात. दलाल ठरलेला, लॉज ठरलेलं, सकाळच्या खमणाचं दुकानही ठरलेलं. हिऱ्यांचंही तेच. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी साधारण नऊ हिऱ्यांना पैलू सुरतेत पाडले जातात, आणि वराछा, कतारगामच्या कारखान्यांतला कारागीर संध्याकाळी सुटला की त्याच नाक्यावर खातो. म्हणजे सुरतेत परका माणूससुद्धा नेहमीचा असतो. स्टेशनाजवळचा खमणवाला त्याला फसवायला गेला तर पुढच्या महिन्यात तो समोर उभा!

या हिशेबाची परीक्षा घ्यायची असेल तर डुमसला जावं. समुद्रकिनारा, रविवारची गर्दी, गाड्यांची रांग. अशा जागी खाणं वाईट असायला हवं. पण डुमसची टोमॅटोची भजी, म्हणजे टोमॅटोच्या जाड चकतीवर हिरवी चटणी थापून बेसनात बुडवून तळलेली, सगळी सुरत त्यांचं नाव काढते. कारण साधं आहे. डुमसला येणारी गर्दी बाहेरगावची नाही, सुरतेचीच आहे आणि ती पुढच्या रविवारी पुन्हा येणार आहे. नुसती जागा बघून निकाल देऊ नये, गिऱ्हाईक कुठलं ते बघावं.

भाड्याचा घास

भाड्याबद्दल थोडक्यात. मोक्याच्या जागेचं भाडं जास्त असतं, कारण तिथे माणसं आपोआप येतात. त्या आपोआप येण्याची किंमत हॉटेलवाल्याला मिळत नाही, जागेचा मालक ती आधीच भाड्यातून काढून घेतो. मग हॉटेलवाल्याला ती वसूल करावी लागते, आणि वसूल करायला त्याच्यापाशी ताटाखेरीज काही नसतं. चीज कमी होतं, टेबलं दाटीने लागतात, मेनू फुगतो. मेनू फुगला की शीतकपाट फुगतं, कारण ऐंशी पदार्थ कोणीही रोज ताजे करू शकत नाही.

रांदेरसारख्या जुन्या वस्तीत हा भार कमी. तापीपलीकडचं रांदेर हे जुनं बंदर. इथले व्यापारी रंगूनला जाऊन राहिले आणि परतताना तिथलं खाणं घेऊन आले. खाऊसा, म्हणजे नारळाच्या दुधातल्या रश्शात शेवया आणि वर कुरकुरीत काहीबाही, हा ब्रह्मदेशचा पदार्थ सुरतेत आज घरचा झाला आहे. रंगूनी पराठाही त्याच वाटेने आला. कुठल्याही पर्यटन खात्याने तो आणलेला नाही. घरी खात होते, दारात विकू लागले, शेजाऱ्यांनी घेतलं.

लोचोला थांबायला सांगता येत नाही

पैशाच्या बाजूने एवढं पुरे. आता उष्णतेची बाजू, आणि इथे खरी मजा आहे.

सुरतेत खमणाचे दोन वंश. एक बेसनाचं, सोडा किंवा फ्रूट सॉल्ट घालून झटपट फुगवलेलं, जाळीदार, मऊ. त्याला नायलॉन खमण म्हणतात. दुसरं ‘वाटी दाळ’चं, म्हणजे हरभऱ्याची डाळ भिजवून, वाटून, रात्रभर आंबवून केलेलं. लोचो या दुसऱ्या घराण्यातला. पीठ तेच, पाणी जास्त. त्यामुळे वाफवल्यावर त्याच्या वड्या पडत नाहीत. दुकानदार स्टीमरचं झाकण उघडतो, सपाट उलथन्याने ताटातला लोचो खरवडून कागदी डिशमध्ये टाकतो, वर तेल किंवा बटर सोडतो, मसाला भुरभुरतो, बारीक शेव, कच्चा कांदा, बाजूला पातळ हिरवी चटणी. हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं आणि तुम्हीही ते पाच मिनिटांत संपवायचं असतं.

ही घाई खवय्येपणाचा नखरा नाही. डाळीच्या पिठात स्टार्चचे बारीक कण असतात. साठ-सत्तर अंशांच्या पुढे गेलं की हे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांच्यातले लांब धागे सुटे होतात. मऊपणा तिथून येतो. पदार्थ गार होऊ लागला की हे सुटे धागे पुन्हा एकमेकांना बिलगतात, रचना घट्ट होते आणि मधलं पाणी बाहेर ढकललं जातं. शिळ्या पावाचा चिवटपणा यातूनच येतो, आदल्या दिवशीचा भात याच कारणाने मोकळा आणि कडक होतो. डाळींच्या स्टार्चमध्ये चटकन बिलगणाऱ्या सरळ धाग्यांचं, म्हणजे अमायलोजचं, प्रमाण गव्हातांदळापेक्षा जास्त असतं. म्हणून लोचो गार झाला की लगेच दगा देतो. पुन्हा वाफवला तर थोडा मऊ होतो, पण मूळपदावर येत नाही.

आता दुकानाकडे बघा. ज्या दुकानात ताट दहा मिनिटांत संपतं, तिथे प्रत्येकाला ताज्या घाण्यातला लोचो मिळतो. तो चांगला लागतो म्हणून गर्दी होते, आणि गर्दी होते म्हणून तो ताजा राहतो. शेजारी तीच डाळ, तोच मसाला, तसाच स्टीमर घेऊन कोणी दुकान थाटलं आणि त्याचं ताट पाऊण तास पडून राहिलं, तर त्याचा लोचो वाईटच लागणार. कितीही मन लावून केला तरी. चांगल्या दुकानाचं ‘सिक्रेट’ मसाल्याच्या पुडीत शोधणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. बरंचसं गुपित खपात असतं.

म्हणूनच अशा दुकानांत पदार्थ मोजके असतात. खमण, लोचो, फार तर सेवखमणी. गिऱ्हाईक पन्नास पदार्थांत विखुरलं तर एकाही पदार्थाचं ताट वेळेत संपणार नाही. इटलीतल्या नेपल्समध्ये ‘दा मिकेले’ नावाची १८७० सालची पिझ्झेरिया आहे. ती वर्षानुवर्षं मुख्यतः दोनच पिझ्झ्यांसाठी ओळखली गेली, मार्गेरिता आणि मारिनारा. एकावर टोमॅटो आणि चीज, दुसऱ्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो. तिथल्या मालकाला सुरतच्या लोचोवाल्याशी भाषेवाचून गप्पा मारता येतील.

भट्टीचं गणित

पिझ्झ्याची सोय स्टीमरने होत नाही. त्याला भट्टी लागते, आणि ती भयंकर तापलेली. नेपल्सच्या पद्धतीत भट्टीचा तळ चारशे अंशांच्या आसपास असतो आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. ही कारागिरी इतकी मोलाची मानली जाते की २०१७ साली युनेस्कोने ती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

एवढी घाई कशाला? थंड तव्यावर भाकरी टाकून बघा. ती फुगत नाही, नुसती वाळते. कडक तापलेल्या तव्यावर आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती बाहेर निसटायच्या आत पापुद्रा उचलते. पिझ्झ्याच्या कडेचंही तेच. घरच्या ओव्हनमध्ये अडीचशे अंशांवर पिझ्झा दहा मिनिटं राहिला की पाणी सावकाश उडून जातं आणि खाली उरतो तो खाकरा.

पण नुसतं तापमान वाढवून भागत नाही. तळ कशाचा आहे हेही महत्त्वाचं. आंद्रे वार्लामोव्ह आणि आंद्रेयास ग्लात्झ हे दोन भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांचा खाद्यसंस्कृतीचा अभ्यासक मित्र सेर्जियो ग्रासो यांनी २०१८ साली यावर चक्क एक शोधनिबंध लिहिला. रोममधल्या पिझ्झेवाल्यांनी त्यांना सांगितलं होतं की विटांच्या भट्टीत ३३० अंशांच्या आसपास दोन मिनिटं हे उत्तम. मग लोखंडी तळाच्या विजेच्या ओव्हनमध्ये ३३० का चालत नाही? त्यांचं उत्तर असं: गार पिठाचा गोळा तापलेल्या पृष्ठभागावर पडला की दोघांमधल्या सांध्याचं तापमान मध्येच कुठेतरी ठरतं, आणि कुठे ठरतं हे तो पदार्थ आपली उष्णता किती झपाट्याने सोडतो यावर अवलंबून. वीट कंजूष आहे. ३३० अंशांच्या विटेवर पिझ्झ्याच्या बुडाला साधारण २०८ अंश मिळतात. पोलाद उधळा. ते जवळजवळ ३०० देऊन टाकतं, म्हणजे वरचं चीज वितळायच्या आत बूड कोळसा. म्हणून पोलादाच्या ओव्हनमध्ये तापमान २३० वर आणावं लागतं, वेळ वाढवावा लागतो, आणि तेवढ्या वेळात टोमॅटोतलं, भाज्यांमधलं पाणी जास्त उडतं. पिझ्झा बरा होतो, पण तो विटेवरचा नाही.

सुरतेला भट्टी नवी नाही. नानपुऱ्यातल्या दोतीवाला बेकरीच्या नावापुढे १८६१ हे साल लागतं, म्हणजे ती नेपल्सच्या त्या पिझ्झेरियापेक्षा नऊ वर्षांनी थोरली. शहरात सांगितली जाणारी कथा अशी की डचांच्या वखारीत पाव भाजायला पाच पारशी कामाला होते, आणि डच निघून गेल्यावर भट्ट्या फरामजी पेस्तनजी दोतीवाला यांच्याकडे आल्या. डचांची वखार १६१६ची, आणि त्यांनी ती इंग्रजांच्या हवाली केली १८२४च्या तहानंतर. मधली तीस-पस्तीस वर्षं कथा एका उडीत ओलांडते. कुळकथांना तेवढी मुभा द्यावी.

कथेतला मला आवडणारा भाग पिठाचा आहे. तेव्हा पाव फुगवायला ताडी वापरत. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, सूर घालत, तेच हे. झाडावरून उतरवलेल्या रसात साखर असते, हवेतलं यीस्ट त्यात शिरतं आणि काही तासांत तो फसफसू लागतो. तो पिठात मिसळला की यीस्ट साखर खाऊन वायू सोडतं, आणि सोबतचे जिवाणू आम्ल तयार करतात. आम्लामुळे पावाला किंचित आंबूस चव येते आणि बुरशी उशिरा धरते. सांगतात की न खपलेले पाव वाळून कडक होत, गोरगरीब ते स्वस्तात नेऊन चहात बुडवून खात, आणि पुढे लोक मुद्दाम वाळवलेलेच मागू लागले. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे आज ताडीचा प्रश्नच येत नाही. पण चांगला पिझ्झेवाला पिठाचा गोळा रात्रभर मुरवतो तेव्हा त्याला हवी असते ती हीच सावकाश आंबवणूक. घाईने फुगवलेल्या मैद्याला मैद्याचीच चव असते.

चीजची तार आणि चीजचा डोंगर

सुरतेतल्या छोट्या पिझ्झ्याच्या दुकानात मात्र बहुतेक वेळा विटांची भट्टी नसते. बेकरीतून आणलेला अर्धा भाजलेला रोटला, वर सॉस, ढोबळी मिरची, मका, जैन गिऱ्हाईक असेल तर कांदा-लसणाला फाटा, आणि शेवटी समोर उभं राहून किसलेला चीजचा डोंगर. नेपल्सचा माणूस हे पाहून डोळे मिटेल. मी मिटणार नाही, पण यातलं काय जमतं आणि काय जमत नाही ते मात्र बघावं.

मोझरेला गरम पाण्यात मळून, ताणून केलेलं असतं. त्यातलं केसीन हे प्रथिन कॅल्शियमच्या दुव्यांनी बांधलेलं असतं. दूध योग्य तेवढं आंबवलं की हे दुवे निम्मे सैल होतात, पण पार तुटत नाहीत. म्हणून गरम झाल्यावर चीज वाहतही नाही आणि तुटतही नाही, त्याची तार निघते. आपल्या ओळखीच्या डब्यातल्या किंवा ठोकळ्यातल्या प्रोसेस्ड चीजमध्ये सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार घातलेले असतात. ते कॅल्शियम पळवतात, दुवे तुटतात, चीज गुळगुळीत वितळतं, पण तार येत नाही. तार येत नाही म्हणून ते भट्टीत घालण्यात फार अर्थ नसतो. गरम पदार्थावर वरून किसलं तर त्याचा खारटपणा आणि लोणीपणा जास्त चांगला लागतो. सँडविचवर, पावभाजीवर, हल्ली तर लोचोवरसुद्धा गुजराती माणूस ते असं किसून घेतो. हा अडाणीपणा नाही. त्या चीजची जात ओळखून केलेला वापर आहे.

असाच दुसरा शहाणपणा भाखरी पिझ्झ्याचा. जाडसर कणकेत भरपूर मोहन घालून केलेली गुजराती भाखरी हा त्याचा पाया. तेला-तुपाचा थर पिठाच्या कणांवर बसला की त्यांतली प्रथिनं एकमेकांना धरून लांब जाळं विणू शकत नाहीत. हे जाळं म्हणजेच ग्लुटेन. पिझ्झ्याच्या पावाला ते हवंच असतं, कारण वायूचे बुडबुडे त्यात अडकतात. पण कमी तापलेल्या ओव्हनमध्ये हेच जाळं चामड्यासारखं चिवट होतं. भाखरीत ते विणलंच गेलेलं नसतं, त्यामुळे ती खुसखुशीत राहते. चारशे अंशांची भट्टी नसलेल्या दुकानाने खोटा नेपोलिटन करण्यापेक्षा खरा भाखरी पिझ्झा केला तर मी त्याला जास्त मान देईन.

चौकट: अनोळखी पिझ्झ्याच्या दुकानात शिरताना
काउंटरवर रोटल्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्या रचलेल्या आहेत की पिठाचे गोळे झाकून ठेवले आहेत, हे आधी पाहावं. पिशव्या असतील तर कडक भाजून मागावा आणि पातळ मागावा. ओव्हनचा तळ जाळीचा, पत्र्याचा की दगडाचा, तेही विचारायला हरकत नाही. खूश होऊन सांगणारा माणूस बहुधा पिझ्झाही बरा करतो. मेनूत पिझ्झ्याशेजारी डोसा, चायनीज आणि फालुदा असेल तर ज्याच्यासाठी बाकीचे लोक आले आहेत तेच मागावं. आणि तुकडा उचलल्यावर बूड उलटून बघावं. विटेच्या किंवा दगडाच्या तळावर भाजलेल्या बुडावर लहान काळे-तपकिरी ठिपके असतात, मधली जागा फिकी. सगळं एकसारखं फिकं असेल तर तळ तापलेला नव्हता.

रांगेवर किती विश्वास ठेवावा?

वर म्हटलं की गर्दी चांगली. मग नुसती रांग बघून आत शिरावं का? इथे एक मेख आहे, आणि ती ज्याने नेमकी दाखवली त्याचं आपल्याशी नातं आहे. अभिजित विनायक बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा, आई निर्मला माहेरच्या पाटणकर. २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना गरिबीवरच्या प्रयोगांसाठी मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधी, १९९२ साली, त्यांनी कळपाच्या वागण्यावर एक निबंध लिहिला होता. त्यातलं उदाहरण दोन शेजारच्या हॉटेलांचं आहे.

समजा ‘अ’ आणि ‘ब’ अशी दोन हॉटेलं आहेत आणि शंभर माणसं. सर्वसाधारण समज असा की ‘अ’ किंचित उजवं, ५१ विरुद्ध ४९. शिवाय प्रत्येकाच्या कानावर एकेक खासगी बातमी आलेली आहे. ती चुकीचीही असू शकते, पण सगळ्यांच्या बातमीचं वजन सारखं. शंभरांतल्या ९९ जणांना कळलंय की ‘ब’ चांगलं. एकालाच कळलंय की ‘अ’ चांगलं. आणि नेमका तोच सगळ्यांत आधी येतो. तो ‘अ’मध्ये जातो. दुसरा विचार करतो, माझी बातमी ‘ब’ची, पण पहिला ‘अ’मध्ये बसलाय म्हणजे त्याची बातमी ‘अ’ची असणार. दोन्ही बातम्या एकमेकींना खोडतात, उरतो तो मूळचा समज, आणि तो ‘अ’च्या बाजूचा. तोही ‘अ’मध्ये शिरतो. तिसऱ्याला दोन माणसं आत दिसतात. दुसऱ्याने आपली बातमी गुंडाळून ठेवली, हे त्याला दिसत नाही किंवा दिसलं तरी उपयोग नाही, कारण दुसऱ्याच्या निवडीतून नवीन काहीच कळत नाही. तोही त्याच हिशेबाने ‘अ’मध्ये. असं करत शंभरच्या शंभर ‘अ’मध्ये, आणि ‘ब’चा मालक माश्या मारत बसलेला, ९९ जणांना तोच चांगला असं कळलेलं असताना!

कोणीही मूर्खपणा केलेला नाही. प्रत्येक जण शहाणपणानेच वागला आणि रांग तरी चुकीच्या दारात लागली. मोबाइलवरचे तारे ही याच रांगेची नवी आवृत्ती आहे. तेव्हा हार्वर्डमध्ये असलेल्या मायकल लुका यांनी २०११ साली सिॲटलमधल्या हॉटेलांचा अभ्यास केला. येल्प या संकेतस्थळावर एक तारा वाढला की हॉटेलाचं उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं असं त्यांना दिसलं, पण ते फक्त स्वतंत्र हॉटेलांचं. साखळी हॉटेलांना ताऱ्यांनी फरक पडला नाही, कारण त्यांची चव लोकांना आधीच माहीत होती. म्हणजे तारा उपयोगी पडतो तो छोट्या दुकानालाच. पण पहिले दहा-वीस तारे मालकाच्या भाच्यांनी दिले असतील तर पुढचा सगळा कळप त्यांच्यामागे जाणार.

तेव्हा रांगेची लांबी बघू नये, रांगेतली माणसं बघावीत. बॅनर्जींच्या गोष्टीतल्या शंभरांपैकी कोणीही आधी तिथे जेवलेलं नाही, म्हणून त्यांच्या रांगेत माहिती नाही. जी माणसं मेनूकडे न बघता मागतात, स्टीलचा डबा घरून घेऊन येतात, दुकानदाराशी भावाबद्दल कुरकुर करतात आणि तरी घेतात, त्यांची रांग वेगळी. त्यांनी खाऊन ठरवलेलं आहे. सुरतेत रविवारी सकाळी जुन्या शहरात अशा रांगा दिसतात. फोटो काढणाऱ्यांची रांगही दिसेल. ती टाळावी.

कधी जावं

वार्लामोव्ह आणि ग्लात्झ यांना रोमच्या पिझ्झेवाल्यांनी एक सल्ला दिला होता: पिझ्झा खायला रात्री आठच्या आधी या, नाहीतर दहानंतर. मधल्या वेळात गर्दी इतकी असते की भट्टी ३९० अंशांपर्यंत तापवून पिझ्झा पन्नास सेकंदांत काढावा लागतो, आणि त्यात बूड करपतं, वरचं नीट होत नाही. शिवाय दर पिझ्झ्यागणिक वीट थोडी उष्णता गमावते आणि तिला पुन्हा तापायला उसंत मिळत नाही. सुरती माणूस रात्री उशिरा बाहेर पडतो, त्यामुळे तिथे ही वेळ साडेसातच्या सुमाराची. दुकान उघडल्या उघडल्याही जाऊ नये, तळ अजून गारच असतो.

लोचोचं उलटं. उकळत्या पाण्याची वाफ शंभर अंशांचीच, दुकानात दोन माणसं असोत की दोनशे. दुकानदाराला ती घाईने जास्त तापवता येत नाही, त्यामुळे गर्दीत लोचो बिघडत नाही, फक्त ताटं भराभर बदलतात. लोचो खायला म्हणून ऐन गर्दीत जावं, सकाळी आठ-नऊला, आणि डिश हातात आली की उभ्यानेच सुरुवात करावी.